पडवीतली एमजी टीसी: शर्यतीत धावलेली की नुसती मिरवलेली?

मांडवीकर (रत्नागिरी)

गाड्यांच्या धाग्यांवर मी बरीच वर्षं नुसता वाचक आहे. आता घरातच काम निघालंय म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

गाडी आहे एमजी टीसी, १९४८ सालची. मालक आईचे मामा. घरातले सगळे त्यांना डॉक्टरमामा म्हणत. मुंबईत शिक्षण संपवून दवाखाना काढायला ते रत्नागिरीत परतले ते याच गाडीतून, कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून. तेव्हा मुंबई-गोवा रस्त्यावर कित्येक नद्यांना पूल नव्हते. नदीपार नेणाऱ्या तरीवर ही गाडी चढवायची हिंमत झाली नाही, असं स्वतःच सांगायचे. दोन माणसांची गाडी. त्यात डॉक्टर, त्यांची बॅग आणि बोलवायला आलेला पेशंटचा भाऊ किंवा मुलगा. पेशंटला घालून आणायची सोय शून्य. तरी पावस, नाखरे, पाली इथवर व्हिजिटला हीच. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, सुटे भाग मिळेनात, गाडी मागच्या पडवीत गेली आणि तिथेच राहिली. मामा गेले. त्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांनी रीतसर कागद करून गाडी माझ्या नावावर केली. म्हणजे मालकीचा वाद नाही, तो फाटा इथे फोडू नये.

आरसी बुक शाबूत आहे. त्यात तीन नावं. पहिलं एका इंग्रजाचं, पत्ता मुंबईत फोर्टमधल्या कंपनीचा. दुसरं मुंबईच्याच एका पारशी गृहस्थांचं. तिसरं मामांचं.

आता मुद्दा. या पारशी गृहस्थांनी ही गाडी जुहूच्या धावपट्टीवर शर्यतीत पळवली, असं मामा सांगत. पुरावा म्हणून एक फोटो. मोकळी धावपट्टी, पुढची काच आडवी पाडलेली, बॉनेटच्या बाजूला पांढऱ्या गोलात आकडा, मागे दोरीपलीकडे बघे. मागच्या बाजूला काहीही लिहिलेलं नाही.

गाडीची अवस्था: इंजिन अडकलेलं. पत्रा वरून बरा दिसतो, पण दार उघडताना बिजागरीसकट लाकूड हातात आलं. आऱ्यांच्या चाकांना गंज. ब्रेक नाहीतच. उंदरांनी सीटमध्ये दोन-तीन पिढ्या वाढवल्या असाव्यात.

मला हवंय ते असं: कोकणात राहून हे काम कसं करावं, आणि रंगारी-डेंटरच्या हाती देण्याआधी शर्यतीच्या गोष्टीचा छडा लागेल का.


सुरंगी (वेंगुर्ला)

वाचतेय. फोटो डकवा की हो.


घाटावरचा भाचा (कोल्हापूर)

टीसी! दंडवत घ्या. ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं. कारखाना ॲबिंग्डनला. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्यांनी टीसी काढली आणि १९४९ पर्यंत बनवली. एकूण दहा हजारांच्या आसपास. चॅसीचे क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता असं सांगतात. इंजिन १२५० सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्बोरेटर, ५४ अश्वशक्ती. चाकं १९ इंची, तारेची. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. आजची कुठलीही छोटी हॅचबॅक हिला मागे टाकेल. पण या गाडीने अमेरिकनांना स्पोर्ट्स कारचं वेड लावलं, तेही तिकडे दोनेक हजारच गेल्या असताना आणि स्टेअरिंग कायम उजवीकडेच असताना. १९६१ चा फॉर्म्युला वन जगज्जेता फिल हिल सुरुवातीला टीसीच पळवायचा. कॅरल शेल्बीनेही १९५२ मध्ये मित्राची टीसी मागून शर्यतीत उतरवली होती. १९४७ ची ऑस्ट्रेलियन ग्रां प्री तर बिल मरेने बाथर्स्टला टीसीतूनच जिंकली. म्हणजे दुकानातून घेतलेली गाडी थोडी सोलून, थोडी तासून शर्यतीला उभी करायची, असा तो जमाना.

आपल्याकडेही तेच. शर्यतीसाठी बांधलेले ट्रॅक नव्हते, युद्धाच्या वेळच्या धावपट्ट्या होत्या. मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर, मुंबईत जुहू. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा, आणि शोलावरम त्यांचं माहेरघर. मद्रासला खास बांधलेला ट्रॅक इरुंगट्टुकोट्टईला झाला तो थेट १९९० मध्ये. तेव्हा मामांची गोष्ट अशक्य कोटीतली अजिबात नाही.


शंकासुर

अशक्य नाही आणि घडली, यात फरक असतो. धावपट्टीवर गाड्यांचे इतरही खेळ व्हायचे. खांबांमधून नागमोडी चालवणं, ठरल्या रेषेवर थांबवणं, नुसतं प्रदर्शन. तिथेही नंबर लावतात. आजच्या व्हिंटेज रॅलीतही दारावर नंबर असतो, म्हणून ती गाडी शर्यतीतली होत नाही. कोकणातल्या प्रत्येक घरात एक वाघ मारलेला पणजोबा असतो, तसंच जुन्या गाडीवाल्यांच्या घरात एक शर्यत असते.

फोटोत हेडलाइटच्या काचांवर चिकटपट्टी आहे का, तेवढं सांगा.


मांडवीकर

भिंग लावून बघितलं. डाव्या दिव्यावर फुलीसारखी पट्टी स्पष्ट दिसते. उजवा दिवा माणसाच्या आड गेलाय. याने काय ठरतं?


शंकासुर

थोडं ठरतं. दगड उडून काच फुटली तर तुकडे ट्रॅकवर पसरू नयेत म्हणून शर्यतीआधी दिव्यांवर पट्ट्या मारतात. मिरवायला आलेला माणूस स्वतःच्या चकचकीत दिव्यावर चिकटपट्टी लावणार नाही. पण याने 'कोणतीतरी गाडी शर्यतीला सज्ज होती' एवढंच कळलं. ती हीच, कशावरून? पाटी वाचता येतेय का?


मांडवीकर

पाटी काढलेली आहे.


शंकासुर

मग गाडीलाच विचारा.


खेर्डीचा टर्नर (चिपळूण)

बरोबर बोलले. कागद हरवतो, फोटो खोटं बोलतो, लोखंड बोलत नाही. (म्हणजे खोटं बोलत नाही. गैरसमज नको.)

काका, आधी एक करा. काहीही खोलायच्या आधी सगळ्या अंगाचे फोटो काढा. नट कुठला, वॉशर कुठला, वायर कुठून कुठे गेलीय, सगळं. प्रत्येक भोक मोजा, मग ते कशाचंही असो. जास्तीचं भोक दिसलं की आपले डेंटर लोक लगेच वेल्डिंगने बुजवतात आणि गुळगुळीत करून देतात. तुमचा पुरावा त्या भोकात असतो.

दुसरं, इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं की त्याची जाडी मोजा. व्हर्नियरने, चारही कोपऱ्यांवर. कारखान्यातून हेड ७६.७५ मिमी जाडीचं येत असे. कॉम्प्रेशन वाढवायला ते तासायचे. कंपनीने स्वतःच ट्यूनिंगची पुस्तिका छापली होती. तीन बत्तिसांश इंच काढा म्हणजे कॉम्प्रेशन ७.२५ वरून ८.६ वर जातं, असं त्यात सरळ दिलंय.

तिसरं, आटे. इथे भलेभले फसतात. गाडी इंग्लिश, म्हणून माणूस इंची पाना लावतो आणि तो बोल्टच्या डोक्याला बसतोही. मग बोल्ट हरवला की इंची बोल्ट आणून कोंबतो आणि आटे खलास. या इंजिनाच्या बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची, पण आटे मेट्रिक! कारण मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच मापाची, तीच पुढे चालू ठेवली. कारागीरांकडचे पाने इंग्लिश, म्हणून डोकी इंग्लिश मापाची. त्यातही गंमत अशी की ८ मिमीच्या बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमीचा आहे. बाजारात मिळतो तो सव्वाचा. तो दोन फेरे जातो, मग घट्ट होतो, आणि माणसाला वाटतं गंज असेल, म्हणून तो जोर लावतो. गिअरबॉक्सलाही मेट्रिक. चॅसीला मात्र बीएसएफ, म्हणजे बारीक इंग्लिश आटे. दोन डबे वेगळे ठेवा, नाव घालून.

पाने हवेत तर जुन्या लिस्टर डिझेल इंजिनांवर हात काळे केलेला एखादा म्हातारा मेकॅनिक शोधा. बंदराच्या बाजूला अजून सापडतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात इंची पान्यांचा सेट असतो, पण तो कोणाला हात लावू देत नाहीत.


वेंगुर्लेकर नातू

माझ्या आजोबांकडे असा असो सेट. माका पण हात लावूक देयनत नाय. गाडी बघूक येतलंय हां मांडवीकरानू, चाय तयार ठेवा.


आरटीओची रांग (पुणे)

रेस्टोरेशनच्या नादात कागद विसरू नका. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज धरतात, पण ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. राज्याची समिती गाडी बघून ठरवते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुन्हा नोंदणीला ५,०००. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि तुमच्याकडे जुनं आरसी बुक आहे म्हणजे तुम्ही नशीबवान. तो जुना नंबर सोडू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

अट एकच जाचक आहे. रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. आणि विकायची झाली तर विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ९० दिवसांत कळवायचं.


सुरंगी (वेंगुर्ला)

मग पावसला जाऊन देवदर्शन नाही?


आरटीओची रांग

वाटेत पेट्रोल पंप आहे ना. 😄


मांडवीकर

मला यातला 'मूळ रूपात' हा शब्द खटकतोय. या गाडीची बॉडी म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. लाकूड गेलंय. ते बदललं तर फेरफार झाला का?


आरटीओची रांग

त्याच आकाराचं, त्याच सांध्यांचं लाकूड घातलं तर तो फेरफार नव्हे, दुरुस्ती; माझं तरी मत हेच. पण जुने तुकडे फेकू नका. समितीसमोर जुना आणि नवा तुकडा शेजारी ठेवता आला पाहिजे. लाकडाऐवजी लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा वेल्ड करून घेणारे महाभाग पाहिलेत, त्यांचं अवघड आहे.


पाजपंढरीचा (दापोली)

लाकडाचा विषय निघाला म्हणून लिहितो, आमच्या घरात होड्यांचं काम आहे.

मूळ लाकूड इंग्लंडमधलं ॲश. हलकं, लवचिक, वाफेवर वाकतं, झटका सोसतं. म्हणूनच क्रिकेटच्या स्टंपांना आणि हातोड्यांच्या दांड्यांना वापरतात. ते आपल्याकडे नाही. सगळे तुम्हाला साग सांगतील. साग वाळवीला आणि पाण्याला भारी, वाद नाही. पण सागात तेल असतं, त्यामुळे सरस नीट धरत नाही. सांधा चिकटवायच्या आधी घासून, थिनरने पुसून लगेच लावावं लागतं. आणि झटके खाणाऱ्या पातळ तुकड्याला साग तडकतो. होडीला आम्ही वाकाची जागा असेल तिथे उंडी किंवा फणस घेतो, नैसर्गिक वाक असलेलं खोड बघून. तुमच्या दाराच्या कमानीच्या तुकड्याला तसाच वाकाचा फणस मिळाला तर रेषा न तुटता अख्खा निघेल. सरळ खालच्या पट्ट्या सागाच्या करा. ऐन वापरू नका. जड आहे, आणि वाळताना पिळतो.

आता तुमचं लाकूड गेलं कशाने, ते बघा. वाळवी असेल तर आतून पोकळ आणि मातीचे बोगदे दिसतील. पण बिजागरीसकट हातात आलं म्हणताय, म्हणजे माझा संशय स्क्रूवर आहे. लोखंडी स्क्रूभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ झालंय का? खाऱ्या हवेत हे हमखास होतं. मीठ ओल धरतं, ओलीत लोखंड गंजतं, आणि त्या क्रियेत स्क्रूभोवती जो क्षार तयार होतो तो लाकडाचा धागाच खातो. बाकीची फळी धडधाकट, फक्त स्क्रूच्या भोवती भुसा. होडीत याच कारणाने तांब्याचे खिळे मारायचे. तुम्ही पितळी किंवा ब्राँझचे स्क्रू घ्या. पाहणाऱ्याला पत्र्याआड काही दिसणार नाही. आणि नव्या लाकडाची आतली बाजू, आरपार गेलेली टोकं, सगळं तेलाने नीट भिजवा. आम्ही काजूच्या टरफलाचं तेल लावतो. कपड्याला आणि कातडीला लागू देऊ नका, भाजतं.


सुरंगी (वेंगुर्ला)

काजूच्या टरफलाचं तेल म्हटल्यावर मला राहवत नाही, आमचा काजूचाच धंदा आहे. अवांतर वाटेल, पण नाही. हे तेल ब्रेकच्या लायनिंगमध्येही जातं. त्याची राळ करून, कडक करून दळतात आणि ती भुकटी लायनिंगच्या मिश्रणात घालतात. तापलं तरी पकड टिकते, म्हणून जगभर वापरतात. म्हणजे तुमच्या गाडीला वेंगुर्ल्याचा काजू दोन ठिकाणी लागणार.

बाकी ब्रेक उघडताना सांभाळा हो. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, तोंडाने फुंकायची तर मुळीच नाही. पाण्याने ओली करून पुसा, मास्क घाला.


घाटावरचा भाचा

ब्रेक लॉकहीडचे हायड्रॉलिक, चारही चाकांना ९ इंची ड्रम. सिलिंडरच्या रबरी वॉशरांचा चिखल झाला असणार, पण मापाचे नवे मिळतात. बाहेरून मागवावे लागतील.


नवखा_चाकरमानी (डोंबिवली)

चाकं १९ इंची म्हणताय. बुलेटलाही १९ चं चाक असतं. बुलेटचे टायर बसतील का? खर्च वाचेल.


खेर्डीचा टर्नर

बसतील. आणि पहिल्या वळणाला तुम्हाला शेतात बसवतील. बुलेटचा टायर सव्वातीन इंची, हिचा साडेचार. शिवाय मोटरसायकल वळताना कलते, म्हणून तिचा टायर गोल पाठीचा. गाडी कलत नाही, वळणात टायरवर आडवा जोर येतो. तो जोर त्या टायरसाठी नाहीच. आऱ्या एकेक वाजवून बघा. बद्द आवाज आला ती आरी गेली. चाक ज्या दातेरी हबवर बसतं ते दातेही बघा. धारदार झाले असतील तर ब्रेक मारताना चाक जागेवर फिरतं.

आणि एक, बॅटरी. या गाडीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेलं असतं. आपल्याकडचा वायरमन सवयीने उलटं लावतो. त्याला आधी सांगा आणि समोर उभे राहा.


मांडवीकर

बरेच दिवसांनी येतोय. पाऊस संपायची वाट बघत होतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर इंजिन उघडून ठेवणं म्हणजे गंजाला जेवायला बोलावणं. ताडपत्री काढून टाकली. तिच्या आत ओल कोंडून वरचं क्रोम जास्त गेलं होतं. आता सुती चादर आणि चारी बाजूंनी वारा.

लाकडाचं निदान पाजपंढरीच्या दादांचं तंतोतंत. वाळवी एका कोपऱ्यातच, बाकी सगळीकडे स्क्रूभोवती काळा भुसा. होड्यांचं काम करणारे एक सुतार मिळाले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडलं-मिटलं आणि म्हणाले, "ही उलटी होडी हाय." दाराच्या कमानीला फणस मिळाला.

आता शंकासुरांसाठी.

हेड निघालं. चारही कोपऱ्यांवर ७४.३ ते ७४.५.

बॉनेटच्या मागे, चॅसीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर दोन-दोन भोकं सापडली. कारखान्याच्या कुठल्याही चित्रात ती नाहीत. ती कथिलाने भरून वर रंग मारलेला आहे. लांबी (पुट्टी) नाही, कथील.

डॅशबोर्डच्या वरच्या पत्र्यावर, ड्रायव्हरच्या समोर, तशीच आणखी भोकं. तीही कथिलाने भरलेली.

बॉनेटची बाजू ओल्या पेपरने हळूहळू घासली. वर हिरवा, त्याखाली मरून, त्याखाली पुन्हा मूळचा हिरवा. पांढऱ्या गोलाचा मागमूस नाही.


खेर्डीचा टर्नर

तीन बत्तिसांश इंच म्हणजे २.३८ मिमी. ७६.७५ मधून वजा करा. ७४.३७. पुस्तिकेतला आकडा!


शंकासुर

तापून वाकलेलं हेडही तासतात. तीस वर्षांत चार वेळा तासलं असेल.


खेर्डीचा टर्नर

वाकलेलं हेड सरळ करायला दहा-पंधरा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) पुरतात. चौऱ्याण्णव थाऊ कोणी सरळ करायला काढत नाही. आणि चार वेळा तासून नेमकं पुस्तकातल्या मापावर येणं म्हणजे लॉटरी. अजून एक बघा. डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे ठेवलंय का? वाढवलेल्या कॉम्प्रेशनवर तेव्हाच्या साध्या पेट्रोलने इंजिन ठोकतं. डॉक्टरांनी रोज चालवायला टायमिंग मागे घेतलं असणार.


मांडवीकर

मागेच आहे, खूण केलेली आहे. मामांनी किंवा त्यांच्या मेकॅनिकने पटाशीने रेघ मारून ठेवलीय.


घाटावरचा भाचा

चॅसीवरची भोकं कातडी पट्ट्याची. शर्यतीत बॉनेट उडू नये म्हणून वरून पट्टा आवळतात, त्याच्या दोन कड्या तिथे बसतात. डॅशवरची भोकं छोट्या गोल काचेची. मोठी काच आडवी पाडली की वाऱ्यासाठी ड्रायव्हरसमोर ती लावतात. टीसीची काच पाडता येते ती त्यासाठीच. आणि शर्यतीचा आकडा पुष्कळदा धुऊन जाणाऱ्या रंगाने काढत, संध्याकाळी त्याच गाडीने घरी जायचं असे. पांढरा गोल सापडला नाही यात नवल नाही.


शंकासुर

कथिलाचा मुद्दा मला पटला. आजच्यासारखी लांबी सर्रास यायच्या आधी पत्र्याची भोकं अशीच भरत. म्हणजे भोकं जुनी आहेत आणि बुजवलीही जुन्या काळात, बहुधा गाडी मामांकडे येताना. माझं म्हणणं आता एवढंच: गाडी शर्यतीसाठी तयार केली होती हे लोखंडावरून सिद्ध. ती जुहूला धावली हे मामांच्या तोंडून ऐकलेलं. दोन वाक्यं वेगळी ठेवा.

आणि ही भोकं बुजवू नका! तुमच्या गाडीत बाकीच्या टीसींपेक्षा वेगळं जे काही आहे ते हेच.


मांडवीकर

भोकं राहतील. डेंटर ऐकायला तयार नव्हता. "साहेब, लोक म्हणतील काम अर्धवट सोडलं." त्याला म्हटलं, लोकांना माझ्याकडे पाठव. पट्टा लावणार आहे, गोल काच नाही. फोटोत ती दिसत नाही, मग मी मनाने कशाला लावू? रंग हिरवा, कारण मामांनी तोच चालवला आणि आरसी बुकात शेवटचा तोच आहे. घासलेला चौकोन मात्र बॉनेटच्या आतल्या अंगाला तसाच ठेवतोय, तिन्ही थर दिसतील असा.

रॅलीत गाडीसमोर माहितीची पाटी लावतात. तिच्यावर 'शर्यतीसाठी सज्ज केलेली, मुंबई' एवढंच लिहीन. जुहू तोंडी सांगेन, विचारलं तर.

इंग्लंडमधल्या एमजी कार क्लबच्या टी रजिस्टरला (टीसीसारख्या टी मालिकेच्या गाड्यांची शाखा) चॅसी क्रमांक कळवला आहे. डॅशवरचा वेगाचा काटा मात्र चुकून डावीकडे हलवला गेलाय असं वाटून मी तो बदलायला निघालो होतो.


घाटावरचा भाचा

थांबा! हलवू नका. टीसीत ड्रायव्हरसमोर आरपीएमचा काटा असतो आणि वेगाचा काटा शेजारच्यासमोर. मूळचंच आहे ते. वेग किती झाला याची काळजी शेजाऱ्याने करायची.


मांडवीकर

मग मामींना तो कायम दिसत असणार. त्या गाडीत बसायला का नकार द्यायच्या ते आत्ता कळलं.

शेवटचा प्रश्न: पेट्रोल. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं. काय करू?


खेर्डीचा टर्नर

तीन गोष्टी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवूच नका, काढून घ्या. दुसरं, एसयू कार्बोरेटरच्या जेटला बुचाचे (कॉर्कचे) वॉशर असतात. ते इथेनॉलमध्ये आक्रसतात आणि गळायला लागतात, तेही गरम मॅनिफोल्डच्या शेजारी. आधुनिक रबराचे रिंग मिळतात, ते घाला. इथे मूळपणाचा हट्ट नको, आग लागेल. पेट्रोलच्या नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. तिसरं, आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवायचं ते शिसंच, तेव्हा हेड उघडं आहे तोवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. हेड घेऊन खेर्डीला या. चिपळूणला २०२१ च्या पुरानंतर आम्ही इतकी गाळाने भरलेली इंजिनं उघडली की तुमचं त्यापुढे स्वच्छच म्हणायचं. पण हेडला आता पुन्हा तास देणार नाही, आधीच दुसऱ्या कोणीतरी दिलाय.


वेंगुर्लेकर नातू

आजोबांनी पाने देवक होकार दिल्यानी. पण ते स्वता येतले सोबत, असा म्हणतत.